रिळं, काड्या आणि शंभर वर्षांचा धंदा



वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, कुठल्याही गावातलं सुतारकामाचं दुकान बघा. वखर, तिफण, बैलगाडी हे काम लोखंडाकडे गेलं. दारं-खिडक्या रेडिमेड यायला लागल्या. हात चांगला चालतो, पण बनवायचं काय? मग कोणीतरी सुचवतं, "लाकडी खेळणी कर ना, आजकाल खूप चालतात."

चालतात का? आणि चालतात तर कशामुळे? मशीनचं कोटेशन मागवण्याआधी एका खेळण्याची गोष्ट समजून घ्या.

एक दगडकाम करणारा माणूस

अमेरिकेत शिकागोजवळ इव्हॅन्स्टन नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स पजो नावाचा माणूस दगडकाम करायचा. कबरीवरचे दगड घडवणं हा त्याचा धंदा. त्याने एकदा पाहिलं, की मुलं दोऱ्याची रिकामी रिळं घेऊन त्यांच्या भोकांत पेन्सिली आणि काड्या खुपसत बसली आहेत. तासन्‌तास! विकतची खेळणी नाहीत, तरी खेळ थांबत नाही.

पजोने रॉबर्ट पेटिट नावाच्या भागीदाराला सोबत घेतलं आणि १९१४ च्या सुमारास 'टिंकरटॉय' बाजारात आणलं. सामान काय? लाकडी चकत्या आणि लाकडी काड्या. बस्स. चकतीच्या कडेला आठ भोकं, मधे एक. काडी भोकात घाला, दुसऱ्या टोकाला दुसरी चकती लावा, की झालं सुरू. कोणी पवनचक्की करतो, कोणी पूल, कोणी गाडी.

पण खरी हुशारी मापात होती. आठ भोकं सारख्या अंतरावर, म्हणजे दोन भोकांमधे ४५ अंशाचा कोन. काड्यांची लांबीही ठरवून दिलेली. दोन सारख्या काड्या काटकोनात लावल्या, की त्यांची टोकं तिरकी जोडायला पुढच्या मापाची काडी बरोबर बसते. काटकोन त्रिकोणाचा जो नियम आपण शाळेत घोकला, तोच त्या डब्यात भरला होता. मुलाला नियम माहीत नसतो, पण "अरे, बसलं!" हा आनंद मिळतो.

आणि विक्री? पजोने माल नुसता फळीवर रचला नाही. तयार उभी केलेली मॉडेल्स दुकानांच्या काचेत मांडली. बघणाऱ्याला डब्यात काय आहे यापेक्षा डब्यातून काय होऊ शकतं ते दिसलं. तिथून मागणी वाढली. पुढे हे खेळणं प्लास्टिकमध्येही आलं, पण त्यामागची कल्पना तीच राहिली.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे ना! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर, वर्धा, यवतमाळ बाजूला तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचं सांगतात. चाकं लावलेला लाकडी बैल पोरं सजवतात, दोरीने ओढत मिरवतात आणि घरोघरी बोजारा मागतात.

आता बघा, सुतार विकतो तो नुसता बैल. झूल, बेगड, घुंगरू, माळ हे सगळं मूल आणि घरचे मिळून करतात. पुढच्या वर्षी तोच बैल नव्याने सजतो. टिंकरटॉय आणि तान्ह्या पोळ्याचा बैल ही दिसायला दोन टोकं, पण दोघांचं गुपित एकच: खेळणं अर्धं विकायचं, उरलेलं अर्धं मुलाला करू द्यायचं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हाही हेच केलं. महागडी परदेशी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शिकण्याची साधनं उभी केली. मुलाच्या हाताला काम मिळालं पाहिजे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता तुमच्या दुकानाकडे येऊ

पहिली गोष्ट, माप. शंभर चकत्यांपैकी चार चकत्यांची भोकं ढिली निघाली, तर गिऱ्हाईक त्या चारच लक्षात ठेवतं. म्हणून डोळ्याच्या अंदाजाने भोक पाडू नका. आधी फर्मा बनवा, मग ड्रिल लावा. लाकूड पूर्ण वाळलेलंच घ्या. उन्हाळ्यात घट्ट बसलेली काडी पावसाळ्यात फुगते आणि भोकात जातच नाही, किंवा उलट होतं. पहिला नमुना दोन्ही मोसमांत तपासलेला बरा.

दुसरी गोष्ट, कायदा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट आहे. तुमचा माल त्यात बसतो का, हे आधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. माल तयार झाल्यावर विचारून उपयोग नाही. आणि बारीक भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाता कामा नयेत, ते घशात अडकतात. डब्यावर वय स्पष्ट लिहा. रंग मुलांच्या खेळण्यांसाठी सुरक्षित असलेलाच वापरा.

तिसरी गोष्ट, हिशोब. समजा, ४० नगांचा एक सेट आहे.

- लाकूड: ६० रुपये
- मजुरी (तुमची स्वतःचीही धरा!): १२० रुपये
- घासकाम, पॉलिश: ३० रुपये
- डबा: ३५ रुपये
- वाया गेलेला माल: १५ रुपये

झाले २६० रुपये. ४५० ला विकायचं ठरवलं, पण दुकानदाराने ३० टक्के घेतले तर तुमच्या हातात ३१५. उरले ५५. त्यातून वाहतूक, वीज, तपासणीचा खर्च. म्हणजे दुकानातून विकताना हा धंदा काठावर आहे. तोच सेट शाळेला, अंगणवाडीला किंवा प्रदर्शनात थेट विकलात तर गणित बदलतं. आकडे तुमचे घाला, पण कागदावर घाला.

चौथी गोष्ट, दुसरी विक्री. बैल एकदाच घेतला जातो. ठोकळ्यांचा किंवा रिळांचा सेट मात्र वाढवता येतो. या वर्षी ४० नग, पुढच्या वाढदिवसाला चाकांचा जादा डबा. जुन्या सेटला नवा डबा बसलाच पाहिजे, म्हणून माप कधीही बदलू नका. आज ठरवलेलं भोक दहा वर्षांनीही तेच हवं.

पैसे कुठून?

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनवणारे, दोघेही येतात. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. तारणाशिवाय आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकतं. पण कर्ज म्हणजे कमाई नव्हे. सोयाबीनचा भाव पडला की घरात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात मशीनचा हप्ता नको.

म्हणून या महिन्यात एवढंच करा. दुकानात पडलेल्या तुकड्यांतून फक्त १० सेट बनवा. ते ओळखीच्या १० घरांत द्या. पंधरा दिवसांनी जाऊन बघा. सेट कपाटावर असेल तर कुठे चुकलं ते विचारा. सेट जमिनीवर पसरलेला असेल आणि दोन काड्या हरवल्या म्हणून पोरगं रडत असेल, तर समजा, तुमच्या हातात धंदा आहे. मग मशीनचं कोटेशन मागवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोबाची वही उघडी ठेवा!