अग्निबाण गावात येतो. मागे काय उरते?

अग्निबाणाचे उड्डाण डोळे दिपवणारे असते. म्हणूनच शाळेच्या पटांगणात ते दाखवणे सोपे, आणि त्यातून काही शिकवणे अवघड. विद्यापीठांतील व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे अग्निबाण-गट आता शाळांकडे वळत आहेत. हा उपक्रम स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, महाड तालुक्यातील दासगावसारख्या गावी असा गट येऊन गेल्यावर तेथील शाळेत मागे काय उरावे?

विद्यार्थी काय करू शकतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा सुमारे दहा किलोंचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला त्याच्या मागोमाग गेला. वातावरणाच्या वरच्या थरांतील इलेक्ट्रॉनांचे मापन हा ‘प्रथम’चा हेतू होता, आणि त्याचे संदेश टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांनीही आपापली भूकेंद्रे उभारावीत, अशी त्यामागे योजना होती. विद्यादान म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे, तर कामात वाटा देणे होय, हे या तरुणांनी नेमके ओळखले होते.

अपयशाचा पाठ

हा वाटा शाळकरी मुलांपर्यंतही पोचला आहे. देशातील ७५ शाळांच्या ७५० मुलींचा सहभाग असलेला ‘आझादीसॅट’ ७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘एसएसएलव्ही’ या नव्या अग्निबाणातून निघाला. परंतु दुसरा टप्पा विलग होताना झालेल्या कंपनांमुळे त्वरणमापकांची मापने बिघडली आणि वर्तुळाकार कक्षेऐवजी पृथ्वीच्या अवघ्या ७६ किलोमीटर जवळ येणाऱ्या कक्षेत तो जाऊन पडला. अशा कक्षेत उपग्रह टिकत नाही. कारणाचा शोध झाला, दोष दूर करण्यात आला, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ सुखरूप कक्षेत पोचला. या दोन तारखांमधले सहा महिने हाच विज्ञानाचा खरा पाठ होय. चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ मारून पुढचे पान उलटणाऱ्या आपल्या शाळांत नेमका तोच शिकवायचा राहून जातो.

एक बाटली, दोन उपयोग

या पाठासाठी सुसज्ज प्रयोगशाळाच हवी असे नाही. प्लास्टिकची एक बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, घट्ट बूच आणि सायकलचा पंप एवढ्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली पाण्याचा अग्निबाण उडवता येतो. कोंडलेली हवा पाण्याला खाली ढकलते, पाणी बाटलीला वर. न्यूटनचा तिसरा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. मात्र टाळ्या वाजवून थांबता कामा नये. कोनमापकाला ओळंबा बांधून तीस मीटर अंतरावरून पाहावे. सर्वोच्च बिंदू ४५ अंशांवर दिसला, तर तो डोळ्यांच्या पातळीपासून तीस मीटर उंच. पाणी वाढवले तर काय होते? दोन उड्डाणांची उत्तरे सारखी का येत नाहीत? अशा दहा उड्डाणांची नोंद जिच्या वहीत आहे, ती मुलगी अग्निबाणाची केवळ प्रेक्षक राहिलेली नसते.

सरळ कडांची तीच बाटली कापून तोंडाचा भाग उलटा बसवला, तर पर्जन्यमापक होतो. दासगावच्या दृष्टीने हे लहानसहान नव्हे. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडीवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळीये गावावर तोच घाला पडला. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला ‘इन्सॅट-३डीएस’ सुमारे ३६,००० किलोमीटरवरून ढग न्याहाळतो. ढगांच्या माथ्याच्या तापमानावरून पावसाचा अंदाज बांधता येतो. पण अमुक एका उतारावर एका रात्रीत किती पाऊस पडला, याची खातरजमा जमिनीवरच्या मापनाने करावी लागते. मुलांच्या बाटलीने दरड थांबणार नाही, हे खरे. तथापि आकाशातील उपग्रह आणि आपल्या कौलांवर पडणारा पाऊस यांचे नाते ज्या पिढीला कळले, ती धोक्याची सूचना ऐकून न ऐकल्यासारखे करणार नाही.

दासगावहून फार दूर नाही, याच मुंबई–गोवा महामार्गावर लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी महाड-पोलादपुरातील शाळांत वर्षातून एकदा सोहळा करण्यापेक्षा उन्हाळ्यापूर्वी उड्डाणाची वही आणि पावसाळ्यात पर्जन्याची वही चालू ठेवावी, वर्षअखेरीस त्या वह्या तपासाव्यात. महाडने १९२७ साली सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे देशाला सांगितले. विज्ञानही असेच सार्वजनिक आहे. त्याच्या काठापर्यंत दासगावच्या मुलांना नेऊन भागणार नाही, त्यांची ओंजळ त्यात बुडाली पाहिजे.