जुना चपटा डिजिकॅम पुन्हा खिशात आलाय, पण शटर दाबण्याआधी त्यातलं कार्ड तपासा

गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवर एका ठरावीक धाटणीचे फोटो पुन्हा दिसायला लागलेत. चेहऱ्यावर फ्लॅशचा पांढरा झोत, मागे काळोख, थोडे दाणेदार रंग आणि कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. वसईचा किल्ला असो, राजोडीचा किनारा असो की मित्राच्या हळदीतला नाच, फोटो बघितल्यावर वाटतं की हा २००७ सालचा असणार. प्रत्यक्षात तो गेल्या रविवारी काढलेला असतो.

पाहणाऱ्यांना वाटतं हा फिल्टर आहे. काही वेळा असतोही. पण बऱ्याचदा तो खरोखरच जुन्या, खिशात मावणाऱ्या चपट्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेला असतो. नव्या पिढीने त्याला नाव दिलंय डिजिकॅम. आईबाबांच्या कपाटात, जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली पडलेला हा डबा अचानक भाव खायला लागलाय.

हा कॅमेरा आला कुठून, गायब का झाला, परत का आला आणि वसई-विरारच्या घरांमध्ये तो सापडला तर सगळ्यात आधी काय करायला हवं, हे समजून घेऊया.

क्रेडिट कार्डाएवढा कॅमेरा

डिजिटल कॅमेरे १९९० च्या दशकातच बाजारात आले होते. जपानच्या कॅसिओ कंपनीचा क्यूव्ही-१० हा १९९५ मधला कॅमेरा त्यातला गाजलेला. मागच्या छोट्या स्क्रीनवर काढलेला फोटो लगेच दिसायचा. ज्या काळात ३६ फोटोंचा रोल संपवून, धुवायला देऊन, चार दिवसांनी 'दोन फोटो हलले' हे कळायचं, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण हे कॅमेरे जाडजूड होते. बॅगेत न्यावे लागायचे.

२००२ मध्ये त्याच कॅसिओने एक्झिलिम ईएक्स-एस१ आणला. जाडी फक्त ११.३ मिलिमीटर आणि समोरून बघितलं तर साधारण क्रेडिट कार्डाएवढा. फोटो मात्र सव्वा मेगापिक्सेलचा, ऑप्टिकल झूम नाही आणि फोकसही कायमचा ठरलेला. थोडक्यात, कंपनीने फोटोचा दर्जा कमी ठेवला आणि त्या बदल्यात कॅमेरा शर्टाच्या खिशात बसवला.

लोकांना तेच हवं होतं. पुढे सोनीची सायबर-शॉट टी मालिका, कॅननचे इक्सस, निकॉनचे कूलपिक्स अशा चपट्या कॅमेऱ्यांची रांगच लागली.

इतका बारीक झाला कसा?

कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त जागा लेन्स खाते, त्यातही झूमची लेन्स. भिंगं एकामागे एक ठेवावी लागतात, म्हणून नळी लांब होते. यावर इंजिनिअरांनी तीन युक्त्या काढल्या.

पहिली, सेन्सरच छोटा करायचा. सेन्सर म्हणजे ज्यावर प्रकाश पडून फोटो तयार होतो तो तुकडा. या कॅमेऱ्यांत तो साधारण करंगळीच्या नखापेक्षाही लहान असायचा. सेन्सर लहान, म्हणून लेन्सही लहान.

दुसरी, बंद केल्यावर लेन्स आत घ्यायची. पेंटॅक्सने २००३ च्या ऑप्टिओ एस मध्ये यात कमाल केली. कॅमेरा बंद होताना मधली काही भिंगं रांगेतून बाजूला सरकायची आणि उरलेली मागे जाऊन बसायची. त्यामुळे तिप्पट झूम असूनही कॅमेरा चपटा राहिला.

तिसरी, प्रकाशालाच वळवायचं. २००२ च्या मिनोल्टा डिमाज एक्समध्ये लेन्सच्या मागे प्रिझम बसवला होता. प्रकाश आत शिरला की काटकोनात खाली वळायचा. झूमची भिंगं पुढे-मागे सरकण्याऐवजी कॅमेऱ्याच्या आतच वर-खाली सरकायची. सोनीच्या टी मालिकेतही लेन्स बाहेर येत नाही, ती याचमुळे. आज महागड्या फोनमध्ये पेरिस्कोप झूम म्हणून जे मिरवलं जातं, त्यामागची कल्पना हीच आहे.

मग गायब का झाला?

कारण फोन. २००७ मध्ये आयफोन आला, त्याच वर्षी नोकिया एन९५ पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन आला. खिशात फोन असतोच, मग दुसरी वस्तू कशाला? शिवाय फोनवरून फोटो थेट पाठवता येतो. कॅमेऱ्यातून तो आधी कॉम्प्युटरवर घ्यावा लागायचा.

जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघितले तर घसरण लक्षात येते. २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता आणि त्यातले बरेचसे मोठे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे होते. क्रेडिट कार्डाएवढा कॅमेरा बनवणाऱ्या कॅसिओनेही २०१८ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा धंदा बंद केला.

आता थोडी उलटी हवा वाहतेय. २०२४ मध्ये लेन्स बदलता न येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांची रवानगी वाढून १९ लाखांच्या आसपास गेली. २०२५ मध्ये कॅननने २०१६ चं इक्सस मॉडेल किरकोळ बदल करून पुन्हा बाजारात आणलं. त्याच वर्षी कोडॅकच्या नावाने चार्मेरा नावाचा, किल्लीला अडकवता येणारा जेमतेम ३० ग्रॅमचा कॅमेरा आला. तो १.६ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे गाडी पुन्हा २००२ च्या स्टेशनावर.

फोन चांगला असताना हे फोटो वेगळे का दिसतात?

फोनमध्ये तुम्ही एकदा बटण दाबता, पण फोन अनेक फोटो घेतो. ते एकमेकांत मिसळतो, सावल्या उजळवतो, आभाळ सावरतो, त्वचा गुळगुळीत करतो. डिजिकॅम एकच फोटो घेतो. जे उजळलं ते उजळलं, जे काळं पडलं ते काळं.

दुसरं कारण फ्लॅश. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडी दिवा, काही क्षण जळत राहणारा. डिजिकॅममध्ये झेनॉनचा फ्लॅश असतो. तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात प्रचंड प्रकाश फेकतो. त्यामुळे वरातीत नाचणारा माणूसही जागच्या जागी गोठल्यासारखा स्पष्ट येतो आणि मागचा अंधार तसाच राहतो.

रील्समध्ये 'सीसीडी सेन्सरची जादू' असंही ऐकायला मिळतं. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी प्रकारचे सेन्सर असायचे हे खरं. पण त्या 'लूक'चं सगळं श्रेय सेन्सरला देणं बरोबर नाही. थेट फ्लॅश, छोटी लेन्स आणि त्या काळच्या कंपन्यांनी ठरवलेले रंग, हे सगळं मिळून तो फोटो तसा दिसतो. त्यामुळे केवळ 'सीसीडी' असं लिहून कुणी दुप्पट किंमत सांगत असेल तर सावध राहा.

वसई-विरारसाठी हा नुसता ट्रेंड का नाही?

आता मुद्द्याची गोष्ट. चपट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा सुवर्णकाळ साधारण २००२ ते २०१२. वसई-विरारचा चेहरामोहरा झपाट्याने बदलला तोही याच सुमारास.

चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली ती ३ जुलै २००९ रोजी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पालघर जिल्हा तर त्यानंतर, १ ऑगस्ट २०१४ ला झाला. मधल्या काळात कुठे भातशेती गेली, कुठे वाडीतल्या केळी गेल्या, कुठे मिठागराच्या कडेला इमारत उभी राहिली.

त्याआधीच्या काळाचे फोटो रोलवर निघाले. ते छापले गेले, अल्बममध्ये चिकटले. त्यानंतरचे फोटो फोनमध्ये आले आणि बरेचसे आपोआप ऑनलाइन साठवले गेले. पण मधल्या दहा वर्षांचे फोटो? ते छापलेही नाहीत आणि ऑनलाइनही गेले नाहीत. ते कॅमेऱ्यातल्या कार्डावर, जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर किंवा फोटो स्टुडिओने दिलेल्या सीडीवर अडकून पडले.

घर कुपारी असो की वाडवळ, आगरी असो की कोळी, किंवा मुंबईत जागा परवडेना म्हणून नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतलेलं कुटुंब असो, त्या दशकातली लग्नं, बारशी, जीवदानीच्या पायऱ्या, अंगणातली विहीर, आज हयात नसलेले आजी-आजोबा, हे सगळं त्या नखाएवढ्या कार्डात असू शकतं. आणि ते कार्ड कायम टिकणारं नाही. त्यात फोटो सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेले असतात. वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिल्यावर हा भार हळूहळू झिरपतो आणि फाइल खराब होऊ शकते. त्यात आपल्याकडची खारी, दमट हवा. जुलै २०१८ सारखा पाऊस झाला आणि तळमजल्यावर पाणी शिरलं, तर खालच्या खणातला कॅमेरा पहिला जातो.

कॅमेरा सापडला तर काय कराल?

१. लगेच चार्जिंगला लावू नका. आधी बॅटरी काढून बघा. फुगली असेल, गळली असेल तर वापरू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. बऱ्याच जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या अजून मिळतात. बॅटरीवरचा नंबर बघून शोधा.

२. कार्ड काढून आधी कॉपी करा. साध्या कार्ड रीडरने काम होतं. कॅमेऱ्याने 'फॉरमॅट करू का?' असं विचारलं तर 'नाही' म्हणा. ही एक चूक सगळं पुसून टाकू शकते.

३. कॅमेऱ्याची स्वतःची मेमरीही तपासा. अनेक मॉडेलमध्ये थोडीशी अंतर्गत मेमरी असायची. कार्ड भरल्यावर किंवा विसरल्यावर काढलेले फोटो तिथे असतात. ते कार्ड रीडरमध्ये दिसत नाहीत, कॅमेरा केबलने जोडावा लागतो.

४. कार्ड रिकामं दिसलं तरी आशा सोडू नका, पण त्यावर नवा फोटोही काढू नका. पुसलेल्या फाइल नवीन फाइल वर लिहिली जाईपर्यंत बहुतेक वेळा परत मिळू शकतात. फोटोरेक हे त्यासाठीचं मोफत सॉफ्टवेअर आहे.

५. दोन ठिकाणी साठवा, एक ऑनलाइन आणि एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर. आणि घरातली जाणती माणसं आहेत तोवर त्यांच्यासोबत बसून फोटोतल्या माणसांची नावं, जागा लिहून ठेवा. फोटोवरच्या तारखेवर फार विसंबू नका. बॅटरी पूर्ण उतरली की या कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जायचं.

६. कॅमेरा बंद पडला असेल तर स्वतः खोलू नका. झेनॉन फ्लॅशसाठी आत कपॅसिटर असतो. बॅटरी काढल्यावरही त्यात शेकडो व्होल्टचा दाब उरलेला असू शकतो. झटका जोरदार बसतो.

विकत घ्यायचा असेल तर?

विरार लोकल पकडून चर्चगेटला उतरलात की फोर्टमधला बोरा बाजार चालत गाठता येतो. मुंबईचा कॅमेऱ्यांचा जुना बाजार तिथे आहे. चोर बाजारातही नशीब आजमावता येतं. कुठेही घ्या, दुकानातच चालू करून बघा. फ्लॅश उडतोय का, लेन्स आत-बाहेर होतेय का, पांढऱ्या भिंतीच्या फोटोत डाग येतात का, हे तपासा. लेन्समध्ये टॉर्च मारल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, सोडून द्या.

कार्डाचा प्रकारही विचारा. २००६ च्या आधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीपेक्षा मोठं एसडी कार्ड वाचता येत नाही. ऑलिम्पस आणि फुजीच्या अनेक मॉडेलना एक्सडी, तर सोनीच्या जुन्या मॉडेलना मेमरी स्टिक लागते. ही कार्डं आता सहज मिळत नाहीत. कॅमेरा स्वस्त आणि कार्ड महाग, असं होऊ शकतं.

आणि घरी आणल्यावर पावसाळ्यात त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

किल्ल्यात फोटो काढायला परवानगी लागते का?

वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकांमध्ये हातातल्या कॅमेऱ्याने स्वतःसाठी फोटो काढायला अडकाठी नाही. २०१८ मध्ये या खात्याने अजिंठा लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालमधली कबर वगळता बाकी ठिकाणचे निर्बंध उठवले. ट्रायपॉड, लाइट लावून व्यावसायिक शूट करायचं असेल तर मात्र आधी परवानगी लागते. खिशातल्या चपट्या कॅमेऱ्याला हा प्रश्नच येत नाही.

फोटोचा दर्जा बघितला तर तुमच्या हातातला फोन या डिजिकॅमला कधीच मागे टाकून गेलाय. त्यामुळे नुसत्या ट्रेंडसाठी हजारो रुपये घालवण्याआधी घरातलं कपाट, माळा, शोकेसचा खालचा खण एकदा बघून घ्या. कॅमेरा चालू झाला तर मजा आहेच. नाही झाला तरी त्यातलं कार्ड आधी वाचवा. नवे फोटो कधीही काढता येतील, २००६ च्या वसईचे नाही.