रेल्वे फाटक व चौफुली येथील सुरक्षितता : कारंजा लाडचा अनुभव आणि जपानी वाहतूक-पद्धती

प्रास्ताविक

रस्ता आणि लोहमार्ग जेथे एकाच पातळीवर परस्परांस छेदतात तेथे दोहोंपैकी एकाने थांबले पाहिजे, हे उघड आहे. कोणी थांबावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वत्र एकसारखे नाही. कारंजा लाडवरून जाणाऱ्या नॅरोगेज मार्गावर गाडी थांबत असे. भारताच्या मुख्य लोहमार्गांवर फाटक बंद असल्यास वाहन थांबते. जपानमध्ये फाटक उघडे असले, तरीही वाहनाला थांबावे लागते. प्रस्तुत लेखात या तीन पद्धतींचा विचार केला असून, त्याच सूत्राने रस्त्यावरील चौफुलीचाही परामर्श घेतला आहे. रेल्वे फाटक हा रेल्वे खात्याचा आणि चौक हा पोलीस खात्याचा विषय, अशी वाटणी आपल्याकडे रूढ आहे. वाहनचालकाच्या दृष्टीने पाहता हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत.

शकुंतलेची फाटके

मूर्तिजापूर-कारंजा-दारव्हा-यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा मार्ग वऱ्हाडातील कापसाच्या वाहतुकीसाठी घातला गेला. दोन रुळांमधील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेने १९१० मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे त्याची मालकी होती आणि स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. लोकांनी या गाडीला ‘शकुंतला’ असे नाव दिले. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिने वापरले. त्यानंतर डिझेल इंजिन आले. आज या मार्गावर गाडी धावत नाही.

या गाडीचे वर्णन बहुधा कौतुकाने किंवा थट्टेने केले जाते. तिच्या फाटकांची रीत मात्र गांभीर्याने पाहण्यासारखी आहे. फाटकावर स्वतंत्र माणूस नेमण्याऐवजी ते काम गाडीबरोबरचे कर्मचारीच करीत. फाटकाच्या अलीकडे गाडी उभी राही, एक कर्मचारी उतरून रस्ता बंद करी, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबे, फाटक उघडले जाई आणि तो कर्मचारी परत गाडीत चढे. वेळेच्या हिशेबात ही पद्धत महागडी होती. सुरक्षिततेच्या हिशेबात तिच्याइतकी निर्दोष पद्धत सापडणे कठीण आहे. कारण गाडी येते आहे किंवा नाही याचा अंदाज बांधण्याचे काम तिने रस्त्यावरच्या माणसाकडे ठेवलेच नव्हते.

अर्थात हे शक्य झाले ते वेगामुळे. ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या गाडीलाच असे थांबणे परवडते. एक साधे गणित करून पाहू. सोयाबीनने भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर रुळांच्या अलीकडे उभा आहे. तो निघून त्याचे मागचे टोक रुळांपलीकडे सुरक्षित अंतरावर जाईपर्यंत त्याला सुमारे अठरा मीटर जावे लागते. ताशी पाच किलोमीटर वेगाने यास तेरा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी वीस किलोमीटरची गाडी सुमारे ७० मीटर अंतर कापते; ताशी शंभर किलोमीटरची गाडी ३६० मीटर कापते. म्हणजे दुसऱ्या गाडीपासून बचाव व्हायचा, तर चालकाला निदान ३६० मीटरपर्यंतचा मार्ग स्वच्छ दिसला पाहिजे. पुरुषभर उंच वाढलेली तूर किंवा लोहमार्गाचे वळण यांपैकी काहीही आड आले, की हा हिशेब फसतो.

यात दृष्टिभ्रमाची भर पडते. मोठ्या आकाराची वस्तू आहे त्यापेक्षा सावकाश येत असल्याचा भास डोळ्यांना होतो, याकडे हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये रेल्वे फाटकांच्या संदर्भात लक्ष वेधले होते. समोरून येणारी गाडी सरळ रेषेत आपल्याकडे येत असल्याने ती जागीच वाढत असल्यासारखी दिसते. ‘निघून जाऊ’ हा चालकाचा अंदाज नेहमीच केवळ बेफिकिरीतून येत नाही, हे त्याला दोष देण्यापूर्वी लक्षात घेतले पाहिजे.

कायदा आणि त्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३१ नुसार रखवालदार नसलेल्या फाटकाशी चालकाने वाहन थांबवावे, वाहक अथवा मदतनिसाने पायी पुढे जाऊन दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मग वाहन पार न्यावे. सोबत कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरून पाहावे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६१ ने असे फाटक निष्काळजीपणे ओलांडणे हा गुन्हा ठरविला आहे. कागदावर ही तरतूद जपानी नियमापेक्षाही कडक आहे. प्रत्यक्षात काय घडले ते सर्वविदित आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ वऱ्हाडी मंडळींनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मानवरहित फाटकावर गाडीची धडक बसून पन्नासहून अधिक माणसे दगावली. जुलै २०१४ मध्ये तत्कालीन मेदक जिल्ह्यातील मासाईपेठ येथे नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीखाली शाळेची बस सापडली.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा आढावा समितीने २०१२ मध्ये सर्वच फाटके पाच वर्षांत काढून टाकण्याची शिफारस केली. तीतील मानवरहित फाटकांचा भाग ब्रॉडगेज मार्गांवर ३१ जानेवारी २०१९ पर्यंत पूर्ण झाला. हे यश मोठे आहे. तथापि माणूस असलेली सुमारे सतरा हजार फाटके राहिली आहेत. त्यांपैकी जेथे सिग्नल आणि फाटक यांचे इंटरलॉकिंग झाले आहे तेथे फाटकाला कुलूप लागल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. जेथे ते नाही तेथे स्टेशनमास्तर आणि गेटमन यांच्यातील दूरध्वनी व परस्परांस सांगितला जाणारा सांकेतिक क्रमांक यांवर सारी भिस्त असते. ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरजवळ अशाच इंटरलॉकिंग नसलेल्या, परंतु गेटमन असलेल्या फाटकावर शाळेच्या वाहनाला गाडी धडकली आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. कलम १३१ अशा ठिकाणी लागूच होत नाही, कारण फाटकाला रखवालदार आहे. उघडे फाटक म्हणजे मोकळा मार्ग, असेच आपल्या चालकाला कायद्याने आणि सवयीने शिकविले आहे.

जपानी पद्धती

जपानच्या १९६० च्या रस्ते वाहतूक कायद्यातील ३३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक वाहनाने फाटकाच्या अगदी अलीकडे पूर्ण थांबून, सुरक्षिततेची खात्री करून मगच पुढे जायचे असते. फाटक स्वयंचलित असो, उघडे असो, गजर शांत असो. वाहतूक-सिग्नल असलेली फाटके सोडल्यास नियम सर्वांना सारखाच. वाहनचालन शाळेत थांबल्यावर काच खाली करून गाडीचा आवाज ऐकण्याची सवय लावतात. पलीकडे वाहनांची रांग लागली असेल, तर फाटकात शिरण्यासही मनाई आहे.

ही सक्ती अनावश्यक वाटू शकते. १५ मार्च २००५ च्या एका घटनेवरून तिच्यामागचा विचार उमगतो. टोकियोच्या अदाची भागात ताकेनोत्सुका स्थानकालगत हाताने चालविले जाणारे फाटक तेथील कर्मचाऱ्याने गाडी येत असतानाच वर घेतले आणि ओलांडणाऱ्या दोन महिलांना प्राण गमवावे लागले. गर्दीच्या वेळी तासातील बहुतेक काळ बंद राहणाऱ्या फाटकासमोर ताटकळलेल्या लोकांचा दबाव त्या कर्मचाऱ्यावर नित्याचा होता. पुढे तेथील लोहमार्गच उंचावर नेण्यात आला. त्यास २०२२ साल उजाडले. यंत्र असो वा माणूस, फाटक कधी तरी चुकणार हे गृहीत धरूनच वाहनाच्या थांबण्याची दुसरी भिंत उभी केलेली आहे.

गजर सुरू झाल्यापासून गाडी पोचेपर्यंत साधारणतः अर्धा मिनिट मिळतो. अडकलेल्या चालकाने आडव्या दांड्याला न घाबरता तो वाहनाने ढकलून बाहेर पडावे, असे शिकविले जाते. दांडा त्यासाठीच लवचीक ठेवलेला असतो. बहुतेक फाटकांवर कोणासही दाबता येईल असे आणीबाणीचे बटण असते. सामान्य मार्गावरील गाडीने आणीबाणीचा ब्रेक लावल्यापासून ६०० मीटरच्या आत थांबले पाहिजे, असा दंडक तेथे दीर्घकाळ होता. त्यामुळे गाडीच्या कमाल वेगालाही आपोआप लगाम बसला. वेग हवा तर फाटक नको, हा न्याय त्यांनी १९६४ च्या तोकाइदो शिंकान्सेनला लावला. त्या मार्गावर एकही फाटक नाही. कारंज्याजवळून जाणारा समृद्धी महामार्गही त्याच न्यायाने बांधलेला आहे.

जपानमध्ये सर्व आलबेल आहे, असे मात्र नव्हे. १९६१ च्या फाटक-सुधारणा कायद्याच्या वेळी तेथे सत्तर हजारांवर फाटके होती. आता ती ३३ हजारांच्या आसपास आहेत. तरीही गजर व दांडा दोन्ही नसलेली दोन हजारांहून अधिक फाटके ग्रामीण भागात उरली आहेत. सावकाश चालणाऱ्या वृद्ध पादचाऱ्यांना वाचविण्यात वाहन थांबविण्याचा नियम उपयोगी पडत नाही.

चौफुलीकडे

हेच तत्त्व जपानने रस्त्यांच्या छेदावर आणले. सिग्नल नसलेल्या चौकात गौण रस्त्यावर लाल रंगाचा उलटा त्रिकोण आणि जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत ‘तोमारे’, म्हणजे ‘थांबा’, असे लिहिलेले असते. चाके पूर्ण थांबली नाहीत, तर तो गुन्हा. आपल्या १९८९ च्या नियमावलीत अशा चौकात मुख्य रस्त्यावरील आणि एरवी उजवीकडून येणाऱ्या वाहनास वाट द्यावी, असे म्हटले होते. ‘वाट देणे’ हा निर्णय आहे आणि ‘थांबणे’ ही कृती आहे. निर्णय बरोबर होता की चूक यावर वाद घालता येतो. चाके थांबली की नाही, हे रस्त्याकडेच्या कोणालाही दिसते. आपल्याकडे वाद निकालात काढण्याची तिसरीच रीत आहे : ज्याचे वाहन मोठे त्याची वाट.

जपानमध्ये १९७० साली रस्ते-अपघातांत १६,७६५ माणसे मरण पावली. २०२३ साली २,६७८. या घटीचे श्रेय एकट्या ‘तोमारे’ला देणे अशास्त्रीय होईल, वैद्यकीय मदत, पदपथ, वाहनांची रचना, मद्यपानाविरुद्धचा कठोर कायदा हे सारे त्यात आहे. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले.

कारंज्याचे जुने गाव वेशींमधले आहे. दारव्हा वेस, मंगरूळ वेस यांच्या आतील गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या असून घरांचे कोपरे थेट रस्त्यावर येतात. जपानी वस्त्यांतही नेमके असेच आंधळे कोपरे असतात. तेथे खांबावर केशरी चौकटीचा बहिर्वक्र आरसा लावलेला दिसतो. त्याचा खर्च गतिरोधकापेक्षा फारसा अधिक नसावा, आणि त्याने कोणाच्या मणक्याला हिसका बसत नाही. गावाबाहेर, जुन्या नागपूर-औरंगाबाद मार्गाला शेतरस्ते मिळतात तेथे आरशाचा उपयोग नाही. तेथे थांबण्याची पट्टी हवी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा माणूस हवा.

ब्रॉडगेज आल्यास

शकुंतलेचा मार्ग ब्रॉडगेज करण्याची मागणी जुनी आहे. ती पूर्ण झाल्यास गाडी वीसऐवजी शंभराच्या वेगाने येईल आणि उतरून फाटक लावणारा कर्मचारी नसेल. फाटकांऐवजी रुळांखालून भुयारी रस्ते काढण्याकडे रेल्वेचा आजचा कल आहे. काळ्या मातीच्या सपाट मुलखात भुयारी रस्त्याला पाण्याचा निचरा मिळणे अवघड असते. पावसाळ्यात तो तुंबला, की ट्रॅक्टरवाला रूळ ओलांडण्यासाठी दुसरी जागा शोधतो. अशा ठिकाणी कोणतीही खूण, सीटीची पाटी किंवा दांडा नसतो. कागदावर नाहीसे झालेले मानवरहित फाटक अशा रीतीने शेताच्या बांधावर पुन्हा तयार होते. म्हणून आराखडा होण्यापूर्वीच प्रत्येक छेदावरून पावसाळ्यात व हंगामात किती ट्रॅक्टर, बैलगाड्या, शाळेची वाहने जातात याची मोजणी झाली पाहिजे. रेल्वेकडे गाड्या आणि वाहने यांच्या संख्यांचा गुणाकार करून फाटकाचे महत्त्व ठरविण्याची पद्धत आहे. परंतु त्यात नाल्याला पूर आल्यावर वाहने कोठे वळतात, हे येत नाही. ती माहिती गावातील विद्यार्थ्याला असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिराऐवजी जुलै-ऑगस्टमधील दोन रविवार या कामी दिल्यास ती वहीत उतरविता येईल.