बोटीच्या तळातलं तेल आणि करवंटीचा कोळसा

मंडळी, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी दुरुस्तीला लागतात. इंजिन खोलायचं, ऑइल बदलायचं, फायबरला पॅच मारायचे, रंग लावायचा. वर्षभरात डिझेल, जळकं ऑइल, थिनर आणि रेझिन आपण सगळ्यात जास्त हाताळतो ते याच दिवसांत. त्यातलं काही खाडीत जातं, काही आपल्या छातीत. दोन्हीकडे ते गाळून कसं अडवायचं, ते आज सांगतो.

आधी पाण्याचं बघू. बोटीच्या तळाला साचलेल्या पाण्यात तेल तीन प्रकारे असतं. पहिलं वर तरंगतं, ते डोळ्यांना दिसतं. दुसरं बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं, पाणी दुधाळ होतं. तिसरं पाण्यात विरघळतं. ते दिसत नाही, पण वास येतो. या तिघांना अडवायचे उपायही वेगळे आहेत.

तरंगणारं तेल काढणं सगळ्यात सोपं. पाणी थोडा वेळ स्थिर राहू द्या, म्हणजे तेल वर येतं. पंप खालचं पाणी ओढतो, म्हणून शेवटचं चार बोटं पाणी राहिलं की पंप बंद करा. वरचा तेलाचा थर आतच राहील. (बोटीत पाणी शिरत असेल तर मात्र हा विचार नको, आधी पाणी उपसा.) राहिलेल्या थरासाठी सावरीचा कापूस वापरा. त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी घेत नाही, तेल मात्र पितो. जुन्या बारीक जाळ्याच्या पिशवीत भरून तळाला सोडा. बाजारात तेल शोषणारे पांढरे पॅडही मिळतात, तेही हेच काम करतात. तेलाने भरलेली पिशवी इंजिनाजवळ ठेवू नका, पेट घेईल.

आता सवयीची गोष्ट. तळ स्वच्छ दिसावा म्हणून बरेच जण साबणाची पावडर टाकून मग पाणी उपसतात. साबण तेल नाहीसं करत नाही, त्याचे इतके बारीक थेंब करतो की ते वर येत नाहीत आणि कापसालाही सापडत नाहीत. तवंग दिसत नाही, पण तेल सगळं खाडीत गेलेलं असतं. म्हणून तळात साबण नको.

विरघळलेल्या भागासाठी लागतो ॲक्टिव्हेटेड कार्बन. हा आपल्या ओळखीचाच माल, नारळाच्या करवंटीपासूनही तो करतात. करवंटीचा कोळसा करून त्याला ८०० अंशांच्या वर वाफ देतात. त्याने कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रं उघडतात. अशा एका ग्रॅममध्ये आतल्या भिंतींचं क्षेत्र १००० चौरस मीटरच्या आसपास भरतं, म्हणजे चिमूटभर कोळशात जवळजवळ दहा गुंठे. डिझेल, थिनर यांचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. चुलीतल्या कोळशाला ही ताकद नसते.

पण कार्बनच्या मर्यादा माहीत हव्यात. तो मीठ काढत नाही, जंतू मारत नाही. आणि तरंगतं तेल थेट त्याच्यावर सोडलं तर छिद्रं लगेच बुजतात. म्हणून क्रम ठेवा: आधी थर काढा, मग कापूस, शेवटी कार्बन. भरलेला कार्बन बाहेरून ओळखता येत नाही, वास परत यायला लागला की तो संपला समजा.

घरातल्या बायकांनीही एक लक्षात ठेवावं. विहिरीच्या किंवा बोटीवरच्या टाकीच्या पाण्याला डिझेलचा वास आला तर उकळून भागत नाही. उकळण्याने जंतू मरतात. डिझेलचा हलका भाग वाफ होऊन स्वयंपाकघरात पसरतो आणि जड भाग भांड्यातच राहतो. तुरटीने गाळ बसतो, तेल जात नाही. असं पाणी पिऊ नका, आधी तेल कुठून येतंय ते शोधा.

हवेचंही तसंच. फायबरच्या कामात येणारा उग्र वास स्टायरीनचा. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कार्बन भरलेलं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, दुकानात ‘ऑरगॅनिक व्हेपर’ कार्ट्रिज म्हणून मागा. काम संपलं की तो हवाबंद डब्यात ठेवा, उघडा टांगला तर कार्बन नुसताच भरत राहतो. आणि हा मास्क हवा तयार करत नाही. मासळीच्या बंद खणात किंवा टाकीत तो घालून एकट्याने उतरू नका. आधी झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, वर एक माणूस उभा ठेवा.

एवढी खटपट कशाला, असं कोणी म्हणेल. तर तिसऱ्या, खुबे, कालवं यांचा विचार करा. हे जीव पाणी गाळूनच जगतात. जळक्या ऑइलमधले काही विषारी पदार्थ मासा शरीरात बऱ्यापैकी मोडून टाकतो, शिंपल्यातल्या जिवांना ते फारसं जमत नाही, म्हणून ते त्यांच्या मांसात साठतात. याच गुणामुळे अमेरिकेत १९८६ पासून किनाऱ्याचं प्रदूषण मोजायला शिंपले तपासतात. आपल्या जेटीच्या आसपास ओहोटीला ज्या बाया तिसऱ्या काढतात, त्या आपल्याच घरातल्या. आपण गाळलं नाही तर ते तिसऱ्या गाळतात, आणि त्या तिसऱ्या आपल्याच ताटात येतात.

मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय नियम आहे: समुद्रात सोडायच्या तळाच्या पाण्यात तेल दहा लाखांत १५ भागांपेक्षा जास्त नको. म्हणजे एका लिटर तेलाला साधारण ६६ हजार लिटर पाणी. आपल्या बोटी लहान, पण खाडीही लहानच आहे.

म्हणून सोसायटीच्या आवारात झाकणाचं पिंप ठेवतोय. जळकं ऑइल, पिळलेलं तेल आणि वापरलेला कापूस वेगवेगळा आणून द्या. जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. बंदी संपायच्या आत आपापल्या बोटीत एक तरी कापसाची पिशवी बांधून घ्या. तांडेल आणि खलाशी मंडळींपर्यंत हे पोचवा.