आधारची झेरॉक्स देण्याआधी विचारायचे तीन प्रश्न

हा भाग मी कामणला घरूनच रेकॉर्ड केलाय. मध्येच वसई-दिवा लाईनवरच्या गाडीचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

सुरुवात दोन छोट्या प्रसंगांनी करतो.

पहिला प्रसंग. भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गोदामात मित्राला भेटायला गेलो होतो. गेटवर आधारची झेरॉक्स मागितली, मी देऊन टाकली. परत निघताना बघतो तर टेबलाखाली खोकं भरून झेरॉक्स. वरच्याच एका कागदावर चहाचा ग्लास ठेवलेला, खाली कुणाचा तरी फोटो. विचारलं, "याचं पुढे काय करता?" उत्तर आलं, "खोका भरला की रद्दीत."

दुसरा प्रसंग त्याच आठवड्यातला. आमच्या जवळच्या पाड्यावरची एक आजी रेशनला गेली आणि मशीनवर अंगठा लागेना. सगळं आयुष्य वीटभट्टीवर गेलेलं, बोटांच्या रेघाच झिजल्यात. दुकानात सगळे तिला नावानं ओळखतात, पण मशीन ओळखत नाही. त्या दिवशी ती रिकामी पिशवी घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी नातवाच्या मोबाईलवर ओटीपी आला तेव्हा धान्य मिळालं. पण नातवाचा खाडा झाला तो झालाच.

बघा, जिथे कायद्यानं मागितलेलं नाही तिथे आपण कागद वाटत सुटतो. आणि जिथे कायदा मागतो, तिथे माणूस समोर उभा असूनही पुरत नाही. आजचा भाग याच गुंत्यावर आहे.

हे मी न्यूजर्सीतल्या माझ्या मावसभावाला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, इथे तर राज्यंच केंद्राशी भांडली होती!" ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत 2005 साली 'रिअल आयडी' कायदा झाला. ड्रायव्हिंग लायसन्स देतं राज्य, पण ते कुठली कागदपत्रं बघून द्यायचं आणि माहिती कशी ठेवायची, हे केंद्र ठरवणार. जानेवारी 2007 मध्ये मेन या राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून सांगितलं, आम्ही हे राबवणार नाही. मग इतर राज्यंही पुढे आली. खर्च कोण देणार हा एक मुद्दा होता, आणि लोकांची माहिती अशी जोडली जाणं बरं नाही हा दुसरा. मुदती वाढत गेल्या आणि विमानतळावर अंमल सुरू झाला तो थेट 7 मे 2025 ला. तोवर मेननंही माघार घेतली होती. कारण केंद्राची अट साधी होती: लायसन्स आमच्या नियमात बसलं नाही तर ते दाखवून विमानात बसता येणार नाही.

आपल्याकडे असं झालं का? प्रयत्न झाला. 2017 मध्ये पश्चिम बंगाल सरकार आधारसक्तीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं विचारलं, संसदेच्या कायद्याला राज्य असं आव्हान कसं देऊ शकतं? ममता बॅनर्जींनी हवं तर व्यक्ती म्हणून यावं. आपल्या घटनेच्या कलम 256 प्रमाणे संसदेचे कायदे पाळले जातील असाच कारभार राज्यांनी करायचा असतो. म्हणजे मेनसारखं 'आम्ही राबवणार नाही' म्हणायची वाट इथे जवळजवळ नाहीच.

मग लढलं कोण? व्यक्तीच. आधारची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातली, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात, 29 सप्टेंबर 2010 ला. आधारचा कायदा मात्र आला 2016 मध्ये. मधली साडेपाच वर्षं कायद्याशिवायच बोटांचे ठसे घेणं चालू होतं. 2012 मध्ये कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी वयाच्या 86व्या वर्षी सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यातूनच 24 ऑगस्ट 2017 चा निकाल आला: नऊच्या नऊ न्यायमूर्ती म्हणाले, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

पुढे 26 सप्टेंबर 2018 ला आधारचा निकाल लागला, चार विरुद्ध एक. विरोधातले न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड; त्यांच्या मते हा कायदाच घटनाबाह्य होता. बहुमतानं कायदा टिकवला, पण कात्री लावून. सरकारी अनुदान, रेशन आणि पॅन यांना आधार लागेल. बँक खातं, मोबाईलचं सिम आणि शाळाप्रवेश यांना सक्ती नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बँक आणि मोबाईल कंपनी आधार घेऊ शकते, पण तुमच्या मर्जीनं. दुसरा पुरावा दिला तर आधार नाही म्हणून अडवता येत नाही. आणि त्या आजीसाठी महत्त्वाचं: ठसा जुळला नाही म्हणून हक्काच्या माणसाला डावलू नये, ओळखीचा दुसरा मार्ग वापरावा, असं सरकारनंच कोर्टासमोर सांगितलेलं आहे.

हक्क आहे, पण तो गेटवर वापरायचा कसा? 2017 च्या निकालात सरकारसाठी ज्या कसोट्या आहेत, त्या मी घरगुती भाषेत तीन प्रश्न करून ठेवल्यात. एक, हे मागायला कायदा आहे का? दोन, कशासाठी हवंय? तीन, याहून कमी दिलं तर चालेल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. बऱ्याचदा लायसन्स नुसतं दाखवून भागतं. आधारच द्यायचं असेल तर 'मास्क्ड आधार' डाउनलोड करा. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून त्यावर आडवी सही करा. ठशांचा गैरवापर होईल अशी भीती असेल तर बायोमेट्रिक लॉक करता येतं. फक्त रेशनला जाण्याआधी उघडायला विसरू नका. आणि घरात कष्टानं बोटं झिजलेलं कुणी असेल, तर त्यांच्या आधारला चालू मोबाईल नंबर जोडलाय का, हे आजच बघा. अडलं तर 1947 वर फोन लावा.

गेल्या आठवड्यात पुन्हा त्या गोदामात गेलो. या वेळी विचारलं, "लायसन्स दाखवलं तर चालेल?" वॉचमन म्हणाला, "चालेल की, नाव लिहा वहीत." एवढंच. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडे कुठे कुठे झेरॉक्स मागतात, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!