समुद्रात दोघं: धाडस थोडं, घरकाम फार

अकोल्याच्या जठारपेठेतून समुद्र पाहायला निघालं तर एक रात्र रेल्वेत जाते. तरी मे 2025 मध्ये 'तारिणी' गोव्याला परतली तेव्हा इथल्या चहाच्या टपऱ्यांवरही तिची चर्चा रंगली. त्यातलं एक वाक्य मात्र अजून दुरुस्त व्हायचं आहे: "दोघी पोरी वल्हवत वल्हवत जगाले चक्कर मारून आल्या नं बापा!"

वल्हवत नाही. आयएनएसव्ही तारिणी ही 17 मीटर लांबीची शिडाची नौका. ती बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या नौदलाच्या अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 ला निघाल्या आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन अशी बंदरं घेत 29 मे 2025 ला परतल्या. पराक्रम मोठाच, पण तिथे नौका ओढतो वारा. वल्ह्यांनी महासागर ओलांडणारे वेगळे. कॅनरी बेटांतल्या ला गोमेरापासून कॅरिबियनमधल्या अँटिग्वापर्यंत दर डिसेंबरात त्यांची शर्यत सुटते. अंतर सुमारे 4,800 किलोमीटर आणि दोघांची बोट जेमतेम सात-आठ मीटरची. पुढचं सगळं या लोकांबद्दल.

"रातीले तं झोपत असतीन?" झोपतात, पण एका वेळी एकच. साधारण रीत अशी, की दोन तास एकाने वल्हवायचं, दोन तास दुसऱ्याने, आणि हे चोवीस तास, आठवड्यांमागून आठवडे. सुटीच्या दोन तासांतही ओले कपडे काढा, अंगावरचं मीठ पुसा, सुक्या जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओता, खा, बोट कुठे आहे ते बघा. झोपेला तास-सव्वा तास उरला तर नशीब. मासे धरून पोट भरतात हीही कल्पनाच. सगळ्या दिवसांचा शिधा मोजून बांधून आधीच बोटीत भरलेला असतो.

पाण्याचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ते वऱ्हाडी माणसाला चटकन कळेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागतं, पण घशाखाली उतरत नाही. समुद्राचं पाणी त्याहून कितीतरी खारट, लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. "थोडं थोडं पेलं तं चालते" हे साफ चूक. आपलं मूत्रपिंड इतकी खारट लघवी बनवू शकत नाही. ते मीठ बाहेर टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडतं आणि प्यायलेला माणूस आणखी कोरडा पडतो. म्हणून बोटीत गावातल्या आरओ प्लांटचाच छोटा भाऊ बसवलेला असतो. तो हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाबाने पाणी पडद्यातून ढकलतो. वीज सौर पॅनेलची. तीन-चार दिवस आभाळ भरून राहिलं की बॅटरी उतरते आणि हिशेब सुरू होतो: दिशा राखणारं यंत्र चालवायचं, जहाजांना आपली जागा कळवणारं चालवायचं, की पाणी करायचं? हातपंप असतो, पण तो मारताना जो घाम जातो त्याच्या मानाने हाती लागतं थोडंच.

दंडात ताकद हवी, हा आणखी एक समज. वल्हवणाऱ्याची बैठक रुळावर मागेपुढे सरकते आणि खरा जोर लागतो तो मांड्यांचा. शिवाय हा खेळ किनाऱ्यावरच्यांनाच जमतो असंही नाही. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी रोइंगमध्ये तेरावा आलेला दत्तू भोकनळ नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, दुष्काळी तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदणाऱ्या या पोराने वल्हं हातात धरलं ते सैन्यात गेल्यावर. अर्थात त्याचं अंतर 2,000 मीटर. महासागरात पायांआधी बोलते ती बैठक. घाम, मीठ आणि घर्षण यांनी कुल्ल्यांवर फोड येतात, ते चिघळतात. म्हणून सामानात मेंढीच्या लोकरीचं आसन असतं आणि तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यांना लावायच्या मलमाचे डबे. संडास म्हणजे बादली. याचे फोटो कोणी टाकत नाही, म्हणून गैरसमज टिकतात.

वादळाची भीतीही थोडी वाढवून सांगितली जाते. दोन्ही टोकांच्या बंद केबिनमध्ये हवा कोंडलेली असल्याने दारं लावलेली असतील तर उलटलेली बोट आपण होऊन सरळ होते. वल्हवणारा पट्ट्याने बांधलेला असतो. जास्त छळतो तो समोरून येणारा वारा. वल्हवून उपयोग नाही, मग पाण्यात पॅराशूटसारखा नांगर सोडायचा आणि दोघांनी एका उकडणाऱ्या कोंदट केबिनमध्ये गुडघ्याला गुडघा लावून पडून राहायचं. एरवी जोडीदार दिसतो तो पाळी बदलताना, पेंगुळलेला. भांडणं लाटांवरून होत नाहीत. तो पाळीवर पाच मिनिटं उशिरा आला, त्याने चॉकलेट जास्त खाल्लं, यावरून होतात. मध्येच एकाला पाण्यात उतरून बोटीच्या बुडाला चिकटलेले बार्नेकल नावाचे कवचवाले जीव खरवडावे लागतात, नाहीतर वेग मंदावतो.

"आता यंत्रं आली म्हनून जमते" असं म्हणणाऱ्यांसाठी जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन. अमेरिकेत शिंपले काढून पोट भरणारे हे दोघे नॉर्वेजियन 6 जून 1896 ला न्यूयॉर्कहून अठरा फुटी उघड्या होडीत निघाले. केबिन नाही, आरओ नाही, पाणी सोबत नेलेलं. वाटेत होडी उलटली, शिधा वाहून गेला. पुढे भेटलेल्या एका जहाजाने थोडा दिला. पंचावन्न दिवसांनी ते इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोचले. त्या मार्गावरचा त्यांचा विक्रम 2010 साली मोडला, तोही चौघांनी मिळून.