किराणा कुठे स्वस्त पडतो? हिशेब मांडून पाहू

कर्ज कशासाठी हवं, असं आम्ही गटाच्या बैठकीत विचारतो, तेव्हा "दुकानाची उधारी भागवायची आहे" हे उत्तर हमखास येतं. म्हणून आज किराण्याचा हिशेब मांडू. इथले भाव नमुन्यादाखल आहेत. तुम्ही आपल्या गावचे भाव घालून बघा.

आधी रेशन. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं. मशीनवर अंगठा दिला की पावती मागून घ्या आणि धान्य तेवढंच मिळालं का ते बघा. हे हक्काचं धान्य घरात आलं की मगच बाकीची यादी करा.

आता गावातलं दुकान. समजा तूरडाळ रोखीने १४० रुपये किलो आहे आणि उधारीवर १५०. दहा रुपये किरकोळ वाटतात. पण याच हिशेबाने १००० रुपयांचा किराणा उधारीवर नेला, तर सुमारे ७० रुपये जास्त जातात. तेच १००० रुपये गटातून महिना २ टक्क्यांनी घेऊन रोखीने खरेदी केली, तर व्याज होतं २० रुपये. शिवाय ते २० रुपये आपल्याच गटात जमा होतात. सगळेच दुकानदार उधारीला भाव वाढवतात असं नाही. म्हणून आधी दोन्ही भाव विचारा.

तालुक्याच्या होलसेल दुकानात तीच डाळ १२० ला मिळते असं धरू. एकटीने ३ किलो आणली तर ६० रुपये वाचले. पण एसटीचं अर्धं तिकीट धरूनही जाऊन-येऊन ४० रुपये लागले आणि अर्ध्या दिवसाची १५० रुपये मजुरी बुडाली. म्हणजे स्वस्त डाळ महागात पडली.

दहा जणींनी मिळून ३० किलो मागवली तर ६०० रुपये वाचतात. दोघी गेल्या तर त्यांचं भाडं ८०, दोघींची अर्धी हजेरी ३००, माल आणायला १००. खर्च झाला ४८०. उरले १२०. फार नाहीत. पण त्याच खेपेत तेल, साखर, साबण आणला तर खर्च थोडाच वाढतो आणि बचत बरीच वाढते. जाणाऱ्या बाईची हजेरी मात्र हिशेबात धराच. तिला फुकट राबवून झालेली बचत खरी नाही.

आठवडी बाजारात भाजी, कांदा-लसूण आणि उन्हाळ्यात वर्षाची मिरची घ्यायला परवडते. तिथे मापट्याने न घेता किलोने घ्या. काटा शून्यावर आहे का, ते बघा.

तेल घेताना लिटर आणि किलो यांत गफलत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलो नव्हे, सुमारे साडेतेरा किलो तेल असतं. डब्यांचे भाव ताडताना हे वाचूनच ठरवा. दहा रुपयांच्या पुड्यांचंही तसंच. २५ ग्रॅम चहा दहा रुपयांना, म्हणजे किलोला ४०० रुपये. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कोणी मागितले, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

या सगळ्याचा अर्थ गावातलं दुकान सोडा, असा नाही. रात्री पाहुणे आले किंवा घरात आजारपण आलं, की तेच दार उघडतं. त्या सोयीलाही किंमत आहे. फक्त ती किती आहे, हे आपल्याला माहीत हवं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने उधारीची वही आणावी. महिन्याला सगळ्यांना लागतात अशा पाच वस्तू निवडा, त्यांचे भाव तीन ठिकाणी विचारा आणि एकदा एकत्र खरेदी करून पाहा. झालेला खर्च आणि वाचलेले पैसे दोन्ही गटाच्या वहीत लिहा. पुढच्या महिन्यात काय करायचं, ते त्या वहीवरूनच ठरवता येईल.